पिंजारी सर आणि चौथा कोपरा

आमची ऋचा आता वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा फोनवर म्हणाली, "आजी, कॉलेजच्या लुटुपुटीच्या खटल्यात आज मी हरले. समोरच्या मुलीचं बोलणं ऐकता ऐकता मला ते पटायलाच लागलं."

मी म्हटलं, "शाब्बास! पिंजारी सरांची खरी विद्यार्थिनी निघालीस."

ती हसली. एकाच माणसाची आठवण दोघींना एकाच वेळी आली की बोलायला काही उरत नाही. म्हणून लिहायला घेतलं.

ही गोष्ट मी तरुण होते तेव्हाची. म्हणजे बासष्ट वर्षांची. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं माणसाला वाटतं, आणि बाई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली असेल तर फारच वाटतं. जन्मभर हातात लाल पेन. एक खूण बरोबरची, एक चुकीची. तिसरी खूण असू शकते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्यावरच चुकीची खूण केली असती. नवरा, सून, भाजीवाली, सगळ्यांच्या बोलण्यावर मी मनातल्या मनात लाल फराटे मारत हिंडायचे. दूधवाल्याने हिशेब सांगितला तेव्हा तर एकदा तोंडातून निघूनच गेलं, "पुन्हा सोडव."

ऋचा तेव्हा बारावीला होती. तिला कायद्याला जायचं होतं, त्यासाठी प्रवेश परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत तर्काचे प्रश्न होते. त्यातल्या एका जातीच्या प्रश्नांनी पोरीची झोप उडाली होती. दोन वाक्यं द्यायची, दोन्ही खरी, पण एकमेकांच्या तोंडाकडे न पाहणारी. खाली चार पर्याय. ज्या पर्यायाने दोन्ही वाक्यं एका पंगतीला बसतील, तो उचलायचा. जळगावात हे शिकवणारा एकच माणूस, असं सगळे म्हणायचे: युसूफ पिंजारी सर. बसस्टँडमागच्या गल्लीत, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या दुकानाच्या माडीवर त्यांचा क्लास. माझा मुलगा म्हणाला, "आई, गल्ली जरा अडचणीची आहे, तू सोबत जात जा." मला काय, आयताच एक मास्तर तपासायला मिळाला.

वर गेले तर बाकं नाहीत, खुर्च्या नाहीत. सगळीकडे गाद्या! चांगल्या जाड, कापसाच्या, पट्टेरी खोळीच्या. असोद्याची, नशिराबादची, थेट शिरपूरकडून येऊन खोली करून राहिलेली पोरंपोरी त्यांवर मांड्या घालून बसलेली. मला मान म्हणून दोन गाद्या एकावर एक. त्यांवर बसले की मी हळूहळू आत जायचे. तास संपेपर्यंत डोकं आणि अंबाडा तेवढा वर राहायचा. प्रत्येक गादीचा एक कोपरा उघडा होता. उत्तर सुचेना की पोरं तिथून कापूस उपसायची, बोटांत वळायची, एकमेकांना मारायची. परीक्षा जवळ येई तसतशा गाद्या रोडावत.

सर उंच, किडकिडीत, मानेत वाकलेले. एके काळचे वकील, त्यामुळे पांढरा सदरा आणि काळी पँट. पण गाद्यांमुळे पँट कायम पांढरी. शिकवताना एकेक तंतू वेचून खिशात टाकायचे. सदऱ्याच्या खिशात दोन चष्मे. एकाने फळा दिसायचा, दुसऱ्याने पुस्तक. "मधलं कशानेच दिसत नाही, अक्का," मला म्हणाले होते, "म्हणून तर जन्मभर मधलंच शोधतोय." वडील धुळ्याला कापूस पिंजायचे. "अब्बा कापूस पिंजायचे, मी वाक्य पिंजतो. फुगतं दोन्ही सारखंच."

त्यांचा फळा मी कधी विसरणार नाही. एक वाक्य डाव्या टोकाला, दुसरं उजव्या टोकाला, आणि मधे हातभर कोरी जागा. मधे लिहायचं ते फक्त उत्तर, तेही सगळ्यांना पटल्यावर. फळ्याची दोन्ही टोकं घासून घासून पांढुरकी झाली होती, आणि मधला भाग नव्या नवरीच्या केसांसारखा काळाभोर.

पहिल्या दिवशी त्यांनी डावीकडे लिहिलं: 'असोद्याच्या शेतकऱ्याने वांग्यांच्या शेताला भक्कम कुंपण घातलं.' उजवीकडे: 'कुंपण घातल्यापासून वांगी जास्त चोरीला जाऊ लागली.' मग वळून म्हणाले, "दोन्ही खरं आहे. कसं?"

असोदा माझं माहेर. भरताच्या वांग्यांवर मला कोण शिकवणार? मी गादीतून उसळून म्हणाले, "कुंपणानेच शेत खाल्लं! ज्याने कुंपण घातलं तोच चोर!"

पोरं खदखदली. सर हसले नाहीत. "अक्का, उत्तर रंगतदार आहे. पण कुंपण भक्कम आहे असं प्रश्नातच दिलंय. तुम्ही बिचाऱ्या कुंपणावर संशय घेतलात."

"मग शेतकरी खोटारडा. चोरी झालीच नसेल."

"आता शेतकऱ्यावर घेतलात. तुम्ही शाळेत होतात का हो?"

"मुख्याध्यापिका होते," मी म्हटलं. ताठ बसायला गेले, तर आणखी आत गेले.

"तरीच. अक्का, इथे कुणाला खोटं पाडायचं नाही. भांडण लावायला बाहेर अख्खं जग बसलंय. आपण सोयरीक लावायची." आणि मग त्यांनी ते केलं, जे ते प्रत्येक प्रश्नाला करायचे. दोन्ही मुठी दोन बाजूंना वर धरल्या, एकीकडे मान हलवली, दुसरीकडे हलवली, आणि घरच्या अहिराणीत म्हणाले, "हाई बी खरं शे, ते बी खरं शे. आते मझारलं सांगा!"

मधलं ऋचाने सांगितलं. "कुंपण भक्कम झालं म्हणून शेतकरी रात्री राखणीला जाईनासा झाला."

सर इतके खूश झाले, की खडू हातातून पडला. उचलून त्यांनी ते वाक्य मधे लिहिलं. दोन्ही टोकं एकदम शहाणी झाली. मी मात्र ऋचाकडे असं पाहिलं, जणू वांगी तिनेच चोरली होती.

फसव्या पर्यायांना ते नात्यागोत्याची नावं द्यायचे. एकाच वाक्याची बाजू घेणारा पर्याय म्हणजे मामा. भाच्याचं ते सगळं बरोबर. विरोध होता त्याहून वाढवून ठेवणारी ती जाऊबाई. आणि दिसायला सुरेख, माहितीने ठासून भरलेला, पण दोन्हींशी संबंध नसलेला पर्याय म्हणजे लग्नातला पाहुणा. "ना नवरीकडचा, ना नवऱ्याकडचा. जेवायला आलाय. जेवू द्या, पण त्याच्या गळ्यात माळ घालू नका." शिरपूरच्या एका पोरीने सराव परीक्षेत सलग तीन पाहुण्यांना माळा घातल्या, तेव्हा सर म्हणाले, "बेटा, तुझं लग्न ठरवताना मला बोलाव."

आणि माझा निकाल? सरावाला मीही बसायचे. मला मामा फार आवडायचे. एवढंच सांगते.

पण ती सवय लागते हो. एका संध्याकाळी मी सरांपाशी तक्रार केली, "आमचे हे, ऋचाचे नाना, रोज कुरकुरतात, या वयात कसला क्लास म्हणून. आणि साडेचारलाच चहा करून माझ्या चपला दारात सरळ करून ठेवतात. यातलं एक नक्की ढोंग."

"ढोंग कशाला? दोन्ही खरं धरा," सर म्हणाले. "नानांना तुमचं जाणं आवडत नाही. आणि नानांना तुम्ही जायला हव्या आहात. मधे काय असेल?"

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरून परत गेले. बघते तर दिवाणखान्यात पत्त्यांचा डाव रंगलेला, चार म्हातारे, मधे माझ्या चकल्यांचा डबा. माझं 'शिकायला जाणं' यांना खरंच आवडत नव्हतं, लोक हसतील म्हणून. पण माझं 'नसणं' फार आवडत होतं. मला राग यायला हवा होता. मी मात्र दारात उभी राहून दोन्ही मुठी वर केल्या आणि ओरडले, "हाई बी खरं शे, ते बी खरं शे!" एका म्हाताऱ्याने हातातले पत्तेच टाकून दिले.

सरांनी वकिली का सोडली, हे आम्हांला प्रश्न म्हणूनच कळलं. डावीकडे लिहिलं: 'धुळ्याची एक पिंजारीण शपथेवर सांगते, उन्हाळ्यात माझी पिंजण बंद असते.' उजवीकडे: 'तिची शेजारीण शपथेवर सांगते, उन्हाळ्यातच माझ्या वाळत घातलेल्या पापडांवर कापूस येऊन पडतो.' खटला पार कोर्टात गेलेला.

बरेच मामा आणि पाहुणे येऊन गेले. शेवटी नशिराबादची एक मुलगी म्हणाली, "सर, सावरीचं झाड असंल. उन्हाळ्यात त्याची बोंडं फुटतात, म्हातारीचे केस उडतात तसा कापूस उडतो."

"शाब्बास!" सरांनी मधे लिहिलं, 'सावर'. "झाड कुणाच्या अंगणात असेल?"

पोरं गाद्यांच्या कोपऱ्यांतून कापूस उपसू लागली.

"पिंजारणीच्या. ती पिंजारीण म्हणजे माझी आपा. थोरली बहीण. आणि तिचा वकील म्हणजे मी."

"सर, तुम्ही हे कोर्टात सांगितलं?" ऋचाने विचारलं.

"उठून उभा राहून सांगितलं. मला इतका आनंद झाला होता ना, दोघीही खऱ्या निघाल्या म्हणून! जज्जसाहेबसुद्धा हसले. मग त्यांनी विचारलं, झाड कुणाचं? तेव्हा कुठे मला आठवलं, मी कुणाचा वकील आहे ते."

पोरं लोळली हसून. सरही हसत होते. झाड तोडावं लागलं. त्यांच्या अम्मीने लावलेलं झाड होतं ते. घरातली प्रत्येक उशी त्या सावरीची. आपा कोर्टातून एकटी घरी गेली आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलली नाही. सरांनी काळा कोट खुंटीला टांगला आणि जळगावला आले. "दोन्ही बाजू पटणाऱ्याने वकिली करू नये," ते म्हणाले. "मास्तरकी करावी. फार तर पोरं नापास होतात, झाड पडत नाही."

हे त्यांनी असं सांगितलं, की हसावं की नाही ते कळेना. मी आपली हसले. बासष्टीत दुसरं काय सुचणार?

मग थंडी पडली, आणि एका संध्याकाळी धुळ्याच्या एसटीचा कंडक्टर डोक्यावर नवी कोरी गादी घेऊन जिना चढून आला. जिना अरुंद, त्यामुळे आधी गादी आली, मग बऱ्याच वेळाने कंडक्टर.

"सर, आपाची गादी. दरसालची." त्याने ती खाली टाकली. "आनि आपा म्हनली, ही शेवटली. डोळ्यांना दिसत नाही आता, पुढल्या दिवाळीला दुकान बंद करनारे."

आम्ही सगळे बसल्या गाद्यांकडे पाहू लागलो. म्हणजे या सगळ्या आपाच्या! न बोलणाऱ्या बहिणीने दर थंडीत एक पाठवलेली!

सरांनी नव्या गादीवरून हात फिरवला. तिचाही एक कोपरा उघडाच होता. "हात थकले तिचे," ते म्हणाले. "पूर्वी अशी शिवण सोडायची नाही."

ऋचा उठली. पोरगी माझीच नात, गप्प कशी बसेल? तिने डावीकडे लिहिलं, 'आपा बोलत नाही.' उजवीकडे, 'आपा गादी पाठवते.' आणि मुठी वर केल्या.

सर फळ्याजवळ गेले. "याचं मधलं मला माहीत आहे," म्हणाले. "पिंजाऱ्याच्या घरात घरच्या माणसाला नवी गादी देत नाहीत. घरच्याची जुनीच पिंजून देतात. नवी असते गिऱ्हाइकाला. ती मला दर थंडीत आठवण करून देते, की तू आता गिऱ्हाईक." आणि हाताच्या पंज्याने त्यांनी दोन्ही टोकं पुसून टाकली. सगळ्यांना पटल्याशिवाय सरांनी प्रश्न पुसला, असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

घरी येताना ऋचा म्हणाली, "आजी, दिवाळीनंतर गादी यायची बंद झाली, की त्यांचं संपलंच ना सगळं?"

मी तिला "अभ्यास कर" म्हटलं. पण माझा लाल पेनाचा हात शिवशिवायला लागला होता. सर उत्तर चुकले होते. मला खात्री होती. का होती ते सांगता येत नव्हतं. माणूस दुसऱ्यांच्या प्रश्नात मामाला लांबून ओळखतो, आणि स्वतःच्या प्रश्नात त्याच्याच मांडीवर जाऊन बसतो.

धुळ्याला माझी भाची असते. तिची तब्येत बरी नाही असं मी घरी सांगितलं. (भाची ठणठणीत होती. आजही आहे.) कंडक्टरला विचारून दुकान गाठलं. आत पिंजायचं यंत्र, भिंतीला वडिलांची जुनी पिंजण धनुष्यासारखी टांगलेली, आणि मधे भिंगाएवढ्या जाड काचांचा चष्मा लावलेली एक ठेंगणी, गोरी म्हातारी.

"काय पाहिजे, बाई?"

"नातीसाठी गादी. तयार असली तरी चालेल."

तिने दोन-तीन गाद्या पुढे टाकल्या. मी मांजरीसारखी प्रत्येकीचे चारही कोपरे हुंगत सुटले. शिवण कशी, तर मुंगी शिरायची नाही! एकही कोपरा उघडा नाही.

"कोपरे काय तपासता? मी काय उंदीर भरून देते?"

"नाही हो. मी ऐकलं होतं, तुमचा एक कोपरा उघडा राहतो म्हणून. हात थकले म्हणून."

"कुनाचे हात थकले?" म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कोन बोललं?"

"जळगावला एका वकिलांकडे बसले होते तुमच्या गादीवर."

आपा खाली बसल्या. यंत्र बंद केलं.

"तो वकील नाही," म्हणाल्या. "आनि तो चौथा कोपरा मी मुद्दाम सोडते. आमच्या घराची रीत आहे. घरच्याला नवी गादी दिली, तर त्याची जुनी परत येईपर्यंत नवीचा चौथा कोपरा शिवायचा नाही. जुनी घेऊन त्यानं स्वतः यायचं, कारन गादी मालकासमोरच फोडतात, नाहीतर कापूस बदलला म्हनतील. जुनी फुटली, पिंजून झाली, की मग चौथा कोपरा शिवायचा. इतक्या वरसांत एकदा आला नाही. दर थंडीत मी बोलावते, दर थंडीत तो येत नाही. किती मगरूर असावं मानसानं!"

माझ्या पोटात एकदम मधलं वाक्य हललं. खरंच सांगते, हललं.

"आपा, ही रीत त्यांना माहीत आहे?"

"पिंजाऱ्याच्या पोराला माहीत नसंल?"

"ते दुकानात बसायचे का कधी? लहानपणी?"

आपांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पिंजणीकडे पाहिलं. "नाही," म्हणाल्या. "अब्बा उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत त्याला. छातीत कापूस जाईल, पोरगं वकील व्हायचंय. मी पिंजायची, तो मागच्या खोलीत वाचत बसायचा." मग एकदम म्हणाल्या, "या अल्ला. त्याला कुनी सांगितलंच नाही की."

"मग आता सांगा ना! फोन लावून देऊ?"

"मी कशाला? मी बोलत नाही त्याच्याशी," आपा ठसक्यात म्हणाल्या, आणि सुई-दोरा उचलला. "माझं झाड पाडलं त्यानं."

मी जळगावला आले. सरांना सरळ सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. पण मला एवढं शिकवलेलं वाया कसं घालवू? दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधी मी फळ्यावर गेले. डावीकडे लिहिलं: 'धुळ्याच्या आपाची शिवण अख्ख्या गावात पक्की.' उजवीकडे: 'भावाला पाठवलेल्या प्रत्येक गादीचा एक कोपरा उघडा.' खाली चार पर्याय. माझं अक्षर मुख्याध्यापिकेचं. शेवटच्या गादीवरून वाचता येतं.

सर आले, लांबचा चष्मा लावला, वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, पुसतात आता. पण प्रश्न समोर आला की या माणसाला राहवत नसे.

"अ," ते वाचू लागले, "आपाचे हात थकले. नाही. मग सगळ्याच गिऱ्हाइकांचे कोपरे उघडे राहिले असते. हा मामा. ब, आपाला भावाचा राग आहे. असेल, पण मग गादी कशाला पाठवेल? जाऊबाई. क, धुळ्यात उंदीर फार झालेत." खडू थांबला. "अक्का, हा पाहुणा तुम्ही मुद्दाम बोलावलात ना?"

"पंगत भरायला," मी म्हटलं.

"ड." आवाज जरा खाली आला. "त्या घराची रीत आहे, की जुनी गादी घेऊन माणूस स्वतः येईपर्यंत नवीचा चौथा कोपरा शिवायचा नाही. भावाला लहानपणी दुकानात पाय ठेवू दिला नव्हता, म्हणून त्याला ही रीत कळली नाही. आणि त्याला कळलेली नाही, हे बहिणीला माहीत नव्हतं."

सरांनी ड भोवती खडूने गोल काढला.

"ड जरा लांब आहे," सर म्हणाले. "परीक्षेत एवढा लांब पर्याय दिसला, की मी सहसा सोडून द्या म्हणतो." मग ते जवळच्या गादीवर बसले. ऋचा सांगते, त्यांना विद्यार्थ्यांमधे बसलेलं तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी उघड्या कोपऱ्यात दोन बोटं घातली, आत जायची वाट आहे का ते पाहत असल्यासारखी. "बोलवत होती," असं काहीतरी पुटपुटले. आणि एकदम उठून, "बठ्ठा पोरे उठा रे! गाद्या खाली न्या!"

सगळ्या गाद्या, त्या जिन्यावरून! गल्लीत पांढरं वादळ झालं. टेम्पोवाला म्हणाला, "सर, लगीन शे का घरमा?"

"सोयरीकच शे," सर म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "अक्का, तुम्ही चला. एकटा गेलो तर ती बोलणार नाही."

"मी असले तरी नाही बोलणार."

"हो, पण मग निदान तुम्ही बोलाल."

टेम्पो धुळ्याकडे निघाला. पारोळ्याच्या पुढे सर म्हणाले, "समजा, ती म्हणाली, झाड परत दे. तर?" मी त्यांना एक चकली दिली.

आपा दारातच होत्या. टेम्पो पाहिला, वरची गाद्यांची चळत पाहिली, आणि कित्येक वर्षांनी भावाशी पहिलं वाक्य बोलल्या. "चपला बाहेर."

सरांनी चपला काढल्या आणि या वयात पहिल्यांदा बापाच्या दुकानाचा उंबरा ओलांडला. आत पाय पडतो न पडतो तोच सटासट शिंका सुरू झाल्या. एकामागून एक, थांबेचनात. डोळ्यांतून पाणी. शिंकांचंच होतं, असं मी धरून चालते.

"अब्बांचं बरोबर होतं," आपा म्हणाल्या.

"हो, पण आपा, तुझंही..."

"युसूफ! समोरच्याचंबी बरोबर म्हनलास, तर गादीत शिवून टाकीन!"

गादी मालकासमोर फोडायची. गाद्या इतक्या, की सरांना तिथेच मुक्काम ठोकावा लागला. क्लासला सुट्टी. पोरं आपापली अभ्यासाला लागली. ऋचाला पुण्याला प्रवेश मिळाला तेव्हा पेढे द्यायला आम्ही धुळ्यालाच गेलो, कारण सर त्यानंतर जळगावला फार राहिलेच नाहीत. दिवाळीला बंद व्हायचं दुकान काही बंद झालं नाही. आपा शिवायच्या, सर तोंडाला रुमाल बांधून समोर बसायचे आणि गिऱ्हाइकांची भांडणं सोडवायचे. त्यामुळे काही गिऱ्हाइकं गादीसाठी नाही, भांडण असलं तरच यायची. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात सर गेले. आपा आहेत. अंगणात एक सावरीचं रोप आहे, ते कुणी लावलं याबद्दल आपा बोलत नाहीत.

मला सर आठवतात ते मात्र धुळ्याच्या दुकानातल्या त्या पहिल्या दिवशीचे. मी निघायला दारात आलेले. पहिली जुनी गादी पिंजून झाली होती आणि आता कंडक्टरने आणलेल्या नव्या गादीचा चौथा कोपरा शिवायचा होता. सर सुई धरून बसलेले, आपा दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून पुढे वाकलेल्या. दोघांची डोकी एकमेकांना लागलेली. दोरा सुईच्या या बाजूने गेला. मग त्या बाजूने गेला. सरांनी लांबचा चष्मा काढून जवळचा लावला, जवळचा काढून लांबचा.

"सुई बरोबर धरलीय मी," सर म्हणाले.

"दोरा पन बरोबर आहे," आपा म्हणाल्या.

माझा मोतीबिंदू नुकताच काढलेला. दारातून ते सुईचं नेढं मला लख्ख दिसत होतं. मी दोन पावलं आत गेले असते, तर एका झटक्यात काम झालं असतं. जन्मभर मी तेच करत आले होते.

मी चपला घातल्या आणि बसस्टँडचा रस्ता धरला.